चिमणीची येळवस

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मग सांगतो. तुम्ही कबूल कराल आणि तरी हसालच म्हणा! आमच्या शिवारात लोक अजून हसतात. मी बांधावरून चाललो की बायाबापड्या तोंडाला पदर लावतात. पण चहा सांगितलाय, तुम्हीही विषय काढलाय, तर घ्या ऐकून माझा पराक्रम.

सुरुवात झाली नांदेडला. धाकट्या बहिणीला तिथं दिलीय. तिच्या शेजारी एक ताई राहतात. टाकून दिलेली, मारून अर्धमेली केलेली कुत्री त्या उचलून आणतात, बरी करतात आणि चांगलं घर बघून देतात. मी आपला सहज डोकावलो. खरंच सहज! आणि तिथं ती बसली होती.

पिटबुल. एवढी रुंद छाती, एवढं मोठं डोकं, आणि मानेवर साखळीचा वण. कुणा हौशी माणसानं लोकांना भीती घालायला तिला विकत घेतलं होतं. हौस फिटल्यावर रात्रीतून हायवेला सोडून दिलं. ताईंनी तिचं नाव ठेवलं होतं चिमणी! मी खुर्चीवर बसलो, तशी ती आली, माझ्या बुटावर डोकं ठेवलं आणि झोपून गेली. पायाला मुंग्या आल्या, पण मी पाय हलवला नाही. कसा हलवणार, सांगा बरं?

"दादा, हिला बघायला लोक येतात आणि गेटवरूनच परत फिरतात," ताई म्हणाल्या.

झालं! माझ्या तोंडून निघून गेलं, "मी नेतो."

बहीण किंचाळलीच. "दादा, काय करायलास तू? आई घरात घेईल का?"

"आईचं मी बघतो," मी म्हणालो.

आता आईचं मी आजवर काय बघितलंय? काही नाही. आईच माझं बघत आलीय.

आमचं गाव लातूरपासून जवळच. घरी आई, बायको सुनीता आणि दोन लेकरं. शहरात माझं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन करतो. चिमणीला घेऊन मी अंगणात उतरलो, तेव्हा आई शेंगा निवडत होती.

"हे कुत्रं हाय का रेडकू?" आई.

"कुत्रीच आहे. चिमणी तिचं नाव."

"मग घारीचं काय नाव ठिवलंय?"

सुनीता बाहेर आली. "अहो, दूध आणायला सांगितलं की विसरता. हे बरं ध्यानात राहिलं?"

तर घरात प्रवेश झाला. आता माझा स्वभाव कसा, तेही ऐका. माझा जीव म्हणून कधी थाऱ्यावर नसतो. दुकानाला कुलूप लावलं तरी परत जाऊन ओढून बघणारा माणूस मी. त्यात कुणीतरी मोबाईलवर या जातीचे व्हिडिओ पाठवले. बघितले आणि माझी झोप उडाली! तिकडं चिमणी मिक्सर लावला की पलंगाखाली जायची. आमची तुऱ्याची कोंबडी तिला अंगणभर पळवायची. डोळ्यांना हे दिसत होतं, पण मी विश्वास ठेवला मोबाईलवर. उठून दाराची कडी बघ, साखळी बघ, लेकरं कुठं आहेत बघ. सुनीता म्हणायची, "कुत्री निवांत हाय. तुम्हीच येरझाऱ्या घालायलाव."

दुकानात गिऱ्हाईकं विचारायला लागली. टवाळ पोरांनी तिला दगड मारू नयेत म्हणून मी आपलं जरा वजन ठेवून बोललो. "लांबूनच बघा बरं का. ही जात धरली की सोडत नाही!"

बस्स. एवढंच बोललो. पण मोटारीच्या दुकानात बोललेलं प्रत्येक विहिरीवर पोचतं, हे मला कळायला पाहिजे होतं.

आठवडाभरात चिमणीनं एक वासरू फाडलं होतं. पुढच्या आठवड्यात तिनं नांदेडला एका फौजदाराची मांडी धरली होती. आमच्या शेताला लागून बाबुराव तात्यांचं शेत आहे. वडिलांच्या माघारी त्यांनीच मला नांगर धरायला शिकवलं. ते एकदा रस्त्यात गाडी अडवून म्हणाले, "दत्ता, तुजी कुत्री म्हणं आख्खं बकरं खाती, शिंगासकट?"

"तात्या, ती ताकभाकर खाते हो!"

"ताकभाकरीनं एवढी छाती हुती का? मला नको सांगू."

डेअरीवाला कॅन रस्त्याकडच्या लिंबाखालीच ठेवून पळायला लागला. आईच्या मैत्रिणी यायच्या बंद झाल्या. आणि येळवस तोंडावर आली.

तुम्ही बाहेरचे, तुम्हाला सांगायला पाहिजे. वेळा अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी आख्खं लातूर शेतात असतं. शहरात कर्फ्यू लागल्यासारखे रस्ते मोकळे. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडाचे पाच पांडव मांडायचे, आणि पूजा झाली की सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली ताकाची आंबील. ज्याला शेत नाही तो ज्याच्या शेतात जाईल तिथं त्याचं पान. ज्याच्या कोपीवर माणूस जास्त, त्याची इज्जत जास्त.

आईनं मला समोर बसवलं. "तुजा बाप होता तवापासून आपल्या कोपीवर पंगत मोडली न्हाई. यंदा माणूस फिरकलं न्हाई, तर दुसऱ्या दिशी ही नांदेडला. आन तूच सोडून यायचं."

 सांगायला लाज नाही वाटत, तोवर माझा जीव तिच्यात अडकला होता. संध्याकाळी माझ्या गाडीचा आवाज आला की ती आख्खं अंग हलवत यायची. तिला परत त्या गेटमागं नेऊन बसवायचं? जमणार नव्हतं मला.

मग मी काय केलं? घरोघर फिरून आवतण दिलं! "या बरं का आमच्या कोपीवर. नक्की या. कुत्रीची फिकीर करू नका."

अहो, येळवशीला आवतण कोण देतं? पिढ्यानपिढ्या कुणी दिलं नाही. ज्याला यायचं तो येतो. त्यामुळं गावाला पक्का संशय आला. "दत्ता एवढा हात जोडून का बोलवायलाय? काहीतरी काळंबेरं हाय." कुणी म्हणालं, कुत्रीला माणसांची सवय लावायचीय. कुणी म्हणालं, सवय माणसांची नाही, मटणाची!

येळवस उजाडली. कोप छान झाली होती. भज्जीचा वास शिवारभर. चिमणीला मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चाकाला बांधलं. पूजा उरकली, आणि बांधावर चिटपाखरू नाही. आसपासच्या कोपींवर हाका, हसणं, लेकरांचे झोके. आमच्याकडं फक्त आई, डोळ्यांवर हात धरून वाटेकडं बघत. मी साखळी ओढून बघत होतो.

"अहो, बसा की जरा," सुनीता म्हणाली.

बसवतंय कुठं?

आणि आले की लोक! पुढं तात्या आणि मागं हे एवढी माणसं. पण बांधावरच थबकली.

"वैनी, आलाव बरं का," तात्या आईला म्हणाले. "पर मंडळी म्हणायलीत, आदी कुत्रं बगू. मग पानावर बसू."

मी चिमणीच्या डोक्यावरून हात फिरवून दाखवला. तिनं शेपूट हलवलं. गर्दी एक पाऊल पुढं आली. तिनं जांभई दिली. गर्दी होती तिथं गेली.

"आदी चर शिंपून ये जा," आई मला म्हणाली. तिच्या तोंडावर आता कुठं हसू आलं होतं. "तू आला की पानं वाढू. तू हितं घुटमळलास की लोकास्नीच भ्या वाटायलंय."

चर शिंपायचा म्हणजे आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती फिरायचं आणि ज्वारीच्या पानानं आंबील शिंपडत 'होलगे होलगे, सालम पलगे' अशी पिढीजात आरोळी ठोकायची. आमच्या घरची रीत अशी, की शिंपणाऱ्यानं डोक्यावरून घोंगडी घ्यायची. वडिलांची घोंगडी, जाडजूड, माझ्यासाठी दोन हात लांब. पुढून नाकापर्यंत, मागं जमिनीवर लोळणारी. आतून फक्त स्वतःचे पाय दिसतात.

निघालो. होलगे होलगे! हरभरा मस्त आला होता. पण माझं ध्यान होतं ट्रॉलीकडं. गर्दीत कुणी तिची खोडी काढली तर? ती भुंकली तर? एक माणूस पळाला की सगळे पळणार, आणि उद्या नांदेडची गाडी. असा विचार करत कोपऱ्यावर वळलो आणि कानांवर आवाज आला. खण्णण! साखळी पडल्याचा.

थिजलोच मी. चिमणी सुटली!

घाईनं दोन पावलं टाकली, आणि मागून कुणीतरी घोंगडी धरली.

ओढून बघितली. सुटेना. आणखी ओढली. मागून हिसका बसला! आता सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? व्हिडिओत म्हणलं होतं, हलू नका, ओरडू नका, पळू नका. मी तिन्ही केलं. हरभऱ्यातून मडकं घेऊन पळत सुटलो, मागं ओढ तशीच, आणि पोटरीत खसकन काहीतरी घुसलं.

खरं सांगतो, त्या क्षणीही मनात एकच होतं. बाई, चाव मला, पण लोकांसमोर नको गं! तू गेलीस की मग घरातून! पण तोंडानं मात्र भलतंच निघालं. "धरलंऽ! मेलोऽ! सोडवा रेऽ!"

बांधावर हलकल्लोळ झाला. "धरलं दत्ताला! पळा!" भांडी पडली, चपला राहिल्या, कुणी ट्रॅक्टरवर, कुणी बाभळीवर. हो, बाभळीवर, काट्यांसकट!

मी ढेकळाला अडखळून पालथा पडलो. मडकं फुटलं, आंबील डोळ्यांत, नाकात. वर घोंगडी, आत अंधार. कुणीतरी अंगावर आलं, आणि घोंगडीखालून एक केसाळ, उबदार वस्तू माझ्या तोंडाशी शिरली.

जीव वाचवायला माणूस काय करणार? मी कडकडून चावलो!

"आयाऽऽ! मेलो रं! दत्त्या, सोड! हात हाय माजा!"

आवाज तात्यांचा होता. आख्ख्या शिवारात तो एकच माणूस मला सोडवायला धावला होता. आणि मी त्याला चावलो.

त्यांनी दुसऱ्या हातानं घोंगडी उपसून काढली. मी डोळ्यांतली आंबील पुसली आणि मागं बघितलं. घोंगडीच्या टोकाला बाभळीच्या फांदीचं काटेरी शिरं अडकलं होतं. कुंपणाचं, मीच तोडून लावलेलं, आणि त्याचे काटे माझ्या पोटरीत.

"कुत्री... कुत्री कुठाय?" मी विचारलं.

तात्यांनी दंडाला फडकं गुंडाळत कोपीकडं बोट केलं.

चिमणी आईच्या मांडीवर होती. एवढं मोठं डोकं आईच्या पदरात खुपसून थरथर कापत होती. मी चर शिंपायला गेलो तशी आईनंच हळूच साखळी सोडून तिला कोपीच्या आत घेतलं होतं. येळवशीला जनावर बांधलेलं बघवेना म्हणून! आणि आपल्या हातानं तिला उंडा-भज्जी चारत होती.

"काय रं बोंबलायलास!" आई माझ्यावरच कडाडली. "लेकरू भ्यालं की माजं!"

 मग बाभळीवरून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळे सुटले. ट्रॅक्टरवरचे पोट धरून खाली उतरले. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. आजूबाजूच्या कोपींवरची माणसंही पळत आली. एवढी पंगत आमच्याकडं वडिलांच्या काळातही बसली नव्हती. सगळे चिमणीच्या अंगाला अंग लावून बसले. माझ्या दोन्ही बाजूंची जागा मात्र रिकामी होती.

"वैनी, मग कुत्रीचं काय ठरलं?" तात्यांनी डाव्या हातानं घास घेत विचारलं.

"ती कुटं जायची न्हाई," आई म्हणाली. "ह्याचं काय करावं, ते सुदरंना."

ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं आंबील झोंबली. वाटू दे.

जेवणं झाल्यावर मी तात्यांना दवाखान्यात नेलं. खाली मान घालून बाकावर बसलो. दंडावरचे दात बघून डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं मोकाट होतं का पाळीव?"

"पाळीव हाय," तात्या शांतपणे म्हणाले. "लगीन झालंय, दोन लेकरं हायत, लातूरला मोटारीचं दुकान हाय."

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि खुर्ची जरा मागं सरकवली.

यंदाच्या येळवशीला आवतण द्यावं लागलं नाही. सकाळपासून रीघ लागली होती. चिमणी सगळ्या शिवारात मोकळी, ज्याच्या त्याच्या पानावरचं खात. चर शिंपायला तात्या गेले. मला आईनं कोपीत बसवलं होतं, पांडवांच्या शेजारी, हलायचं नाही म्हणून. लोक बांधावर येऊन थांबायचे आणि तिथूनच ओरडायचे, "म्हातारे, यावं का? बांधलंय का?"

आणि आई चिमणीच्या पाठीवर हात फिरवत ओरडायची, "या की! बसवून ठिवलाय त्याला!"