जिंकलेल्याने किती द्यायचं

जव्हारला कॉलेज करता करता मी शनिवार-रविवार दाभोशाच्या धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका रिसॉर्टवर काम करते. खोल्या आवरायच्या, ताटं लावायची. गेल्या भातकापणीच्या दिवसांत तिथे मुंबईहून मित्रांचा एक गट आला आणि त्यांनी पोकरची स्पर्धा ठेवली. पत्ते कोणी वाटायचे यावरून त्यांचं जमेना, म्हणून मला बसवलं. मला मेंढीकोट तेवढा येत होता. त्यांनी शिकवलं: पत्ते पिसायचे, वाटायचे, जिंकणाऱ्याकडे पैशांऐवजी मांडलेल्या चकत्या सरकवायच्या आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. ते शेवटचं मला आधीपासून जमतं.

खेळ रविवारी संपायचा होता, तो सोमवारवर गेला. आम्ही पाच जण थांबलो: मी, स्वयंपाकाच्या काकी, भांडी घासणाऱ्या दोघी जावा आणि बागेतला दादा. मालक सकाळीच सांगून गेले, “आजच्या जादा दिवसाचा रोज मिळणार नाही. जो जिंकेल तो खूश होऊन देईल, ते वाटून घ्या.”

काकींचं भात त्यांच्या गावी, साखरशेतला, कापून पडलं होतं, आणि आभाळ भरलेलं. आपल्या जागी त्यांनी मजूर लावला होता. त्याची मजुरी इथूनच निघायची होती.

“तूच बोल गं बाय,” भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. “आमी तोंड उघडलं का ‘द्या काय द्याचं ते’ एवढंच निघतं.”

“मलाही तेच येतं, काकी.”

“मग कॉलेजात शिकवतात काय?”

दुपारी त्यांच्यातले एक चष्मेवाले सर जिंकले. बसून बसून माझी पाठ मोडली होती. मी पत्ते डब्यात भरत होते, तेव्हा ते खिशातून नोटा काढत जवळ आले.

“पत्ते वाटणाऱ्याला द्यायची पद्धत असते. किती देऊ?”

“तिला काय विचारतोस?” त्यांचा मित्र ओरडला. “जिंकलेल्यातले थोडे टक्के द्यायचे असतात.”

“हा काय कसिनो आहे?” दुसरा हसला.

सर मात्र माझ्याकडेच बघत होते. त्यांनाही खरंच माहीत नसावं. त्यामुळे माझं जास्त अवघड झालं. आमच्या घरात कोणी कधी आकडा सांगितलेला नाही. बाबा पाहुण्यांना धबधबा दाखवून आणतात आणि पैसे द्यायची वेळ आली की दुसरीकडे बघत उभे राहतात. ‘तुम्हाला वाटेल ते’ माझ्या ओठांवर आलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात काकी पदराला हात पुसत होत्या.

“आम्ही पाच जण आहोत,” मी म्हणाले.

“पाच? मला तर तूच दिसलीस.”

“बाकीचे आत आहेत, सर. तुमच्यासाठी थांबलेत. आजचा रोज त्यांना मिळणार नाही.”

शेवटचं वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. सर गोंधळले. माझ्यासाठी काढलेल्या नोटा त्यांनी मित्राकडून सुट्ट्या करून घेतल्या आणि माझ्या मागोमाग आत येऊन पाचही जणांना सारख्या दिल्या. कोणाच्याच हातात फारसं काही आलं नाही.

परतीच्या जीपमध्ये काकी माझ्या शेजारी होत्या.

“मजुराचे पैसे सुटतील का?” मी विचारलं.

“अर्धे.” त्यांनी बाहेर आभाळाकडे पाहिलं. “पुढल्या खेपेला आकडा सांग. लाजायचं काम मी करते.”

मी बरं म्हणाले. कोणता आकडा, ते आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.