मणी निवडायचे पैसे

परदेशी पोरींच्या फ्रॉकला गळ्याभोवती मणी लागतात. ते लावतो आम्ही, इंदापूरजवळच्या आमच्या गावात, ओसरीत बसून. आम्ही सात जणी. कंत्राटदार बारामतीहून टेम्पोत फ्रॉक आणि मण्यांच्या पिशव्या आणून टाकतो, आठवड्यानं तयार माल उचलतो. पैसे नगावर. उसाचं बिल आमच्या मालकांच्या खात्यावर जमा होतं. हे पैसे तेवढे माझे, म्हणून या कामावर माझा भारी जीव.

गेल्या हिवाळ्यात मणी मिसळलेले यायला लागले. पांढरे आणि मोतिया, एकाच पिशवीत. ट्यूबलाइटखाली दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून निवडायचे ते दिवसाउजेडी, ताटात पसरून, तांदळातले खडे निवडावेत तसे. सगळी दुपार त्यात जायची आणि त्याचा एक रुपया नाही. वर एकीच्या फ्रॉकला पांढऱ्यांत चुकून एक मोतिया मणी गेला, तर त्या अख्ख्या फ्रॉकचे पैसे कापले. माझं डोकंच फिरलं.

पुढच्या खेपेला मी कंत्राटदाराला म्हणाले, "दादा, निवडायचं बी कामच हाय. त्याचं येगळं पैसं लावा."

तो हसला. "ताई, निवडाय काय लागतंय? बायका घरी धान्य निवडत्यातच की. आमची आई टीव्ही बघत निवडंल."

"मग त्यास्नीच द्या. निवडून आणा, आमी लावतो," असं म्हणून मी माझी पिशवी उचलली आणि टेम्पोत नेऊन ठेवली. मागोमाग बाकीच्या सहा जणींनीही आपापल्या पिशव्या ठेवल्या. हे मात्र मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

टेम्पो गेला. शेजारची काकू म्हणाली, "आता काम भिगवणच्या बायकांकडं गेलं म्हणून समज." तीन दिवस मी रस्त्याकडं न बघायचं नाटक केलं.

चौथ्या दिवशी टेम्पो आला. त्यातून आधी एक म्हातारी उतरली, जाड चष्म्याची. कंत्राटदाराची आई. हातात मण्यांची एकच पिशवी, तीही अर्धी. पोरगा मागं मान खाली घालून उभा.

"पिशव्या परत कुणी धाडल्या?" तिनं विचारलं. मी पुढं झाले. वाटलं, आता शिव्या खायच्या.

"तीन दिस मी अन सून निवडतोय, तवा ही अर्धी पिशवी झाली," ती म्हणाली. "मान मोडली माझी. म्हणं टीव्ही बघत निवडंल! ह्यो पहिल्या दिवशी बसला व्हता, घटकाभरात उठून ग्येला."

आम्ही पोट धरून हसलो. शेवटी कंत्राटदारही हसला. माल वेळेत बोटीवर चढायचा होता, त्याला दुसरा इलाजही नव्हता. निवडायचा पिशवीमागं दर ठरला आणि तो मी त्याच्याच वहीत, त्याच्याच हातानं लिहून घेतला. बोलणाऱ्याची बोरं विकतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात. आम्ही इतके दिवस गहू घेऊन बसलो होतो! आनंदाच्या भरात मी चहात दोनदा साखर घातली, पण कुणी तक्रार केली नाही.

चहा संपला तरी म्हातारी उठेना. वहीत दराखाली आमची सात नावं लिहिली होती, ती तिनं बोटानं मोजली. मग पोराला म्हणाली, "आता आठवं माझं लिव. अन त्याखाली सुनंचं."