खूर आणि केस

मी चुकीचं शिकवलं, आणि तेही भर बाजारात. न्हावरे गावच्या आठवडी बाजारात ऊसगाड्यांच्या बैलांना लोखंडी पत्री, म्हणजे नाल, ठोकणारा एक म्हातारा बसे. बैल आडवा पाडला की तो आधी त्याच्या कानामागे खाजवायचा आणि मगच दातांत धरलेला खिळा काढून खुरात मारायचा. मी शिरूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. ते पाहून मी बोलून गेलो, "मामा, खूर म्हणजे हाड. त्याला वेदना होतात."

"न्हाई सर," तो खिळा ठोकणं न थांबवता म्हणाला, "खूर म्हंजी दाबून बसवल्याला केस. केस कापताना तुमी रडता व्हय?"

लोक हसले. मला ते झोंबलं. मी आवाज चढवला, "हे कोणत्या पुस्तकात वाचलंत?"

"मास्तर म्हनत्यात तर ऱ्हाऊ द्या, मामा," म्हणत गाडीवानानं जोडीतला दुसरा बैल पत्री न ठोकता तसाच अनवाणी नेला. म्हातारा खिळे पुसत राहिला.

घरी येऊन वाचलं. केस, नखं, खूर सगळं केराटिन नावाच्या प्रथिनांचंच असतं. आपल्या केसांतल्या केराटिनच्या जनुकांची भावकी तर सरड्याच्या नखांपर्यंत पोचते. म्हाताऱ्याच्या बोटांना हे माहीत होतं.

पुढच्या बाजाराला तो अनवाणी बैल डांबरी रस्त्यावर खूर झिजून लंगडत आला. मी सगळ्यांदेखत म्हाताऱ्याशेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "मामा, तुमचं खरं होतं. मला माहीत नव्हतं, तरी मी चारचौघांत तुम्हाला खोटं पाडलं. मला माफ करा."