बोटीतून आलेल्या मुली

धुळ्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी रविवारी इतिहास शिकवते. सोमवार ते शनिवार कॉलेज, आणि रविवारी घर-शेत सांभाळून बीए करणाऱ्यांचे हे वर्ग. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीचा धडा मी इतक्यांदा शिकवलाय, की तोंड बोलत असतं आणि डोक्यात दळण आणि संपत आलेला गॅस असतो.

धडा सोपा आहे. फ्रेंच व्यापाऱ्यांना तिथून बीव्हर नावाच्या प्राण्याची कातडी हवी होती, माणसं वसवण्यात त्यांना रस नव्हता. शिकार करून कातडी आणून देणारे तिथले मूळ रहिवासी होतेच. त्यामुळे फ्रेंच माणसं थोडकी, तीही बहुतेक पुरुष. शेजारच्या इंग्रज वसाहती भरत गेल्या, ही रिकामीच राहिली. मग राजाने गरीब, बऱ्याचशा अनाथ मुली आपल्या खर्चाने बोटीत बसवून पाठवल्या. उतरल्यावर थोड्याच दिवसांत त्यांची लग्नं लागली. दहा मुलं झालेल्या घराला पेन्शन. लोकसंख्या वाढली. दहा गुणांचा प्रश्न, हमखास येणारा.

त्या रविवारी मागच्या बाकावरच्या एका बाईने हात वर केला. तिशीची असेल. दोंडाईच्याकडच्या खेड्यातून एसटीने यायची.

"मॅडम, त्यांच्यातल्या परत किती गेल्या?"

"फारशा नाही गेल्या," मी म्हटलं. खरं तर मला नीट माहीत नव्हतं, आणि पुस्तकातही नव्हतं.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "मी ओडिशाची आहे. इकडे मुली मिळत नव्हत्या, म्हणून एका मध्यस्थाने मला आणलं. मुलीच्या पहिलीच्या पुस्तकावरून मराठी शिकले."

तिची सासू बाहेर व्हरांड्यात बसलेली होती. ती नेहमीच सोबत असायची.

"आधी मी पळून जाईन म्हणून यायच्या," ती म्हणाली. "आता सवय झाली आहे."

सासूने आतलं ऐकलं असावं. ती दारात येऊन अहिराणीत म्हणाली, "मना पोऱ्यापेक्षा हुशार शे ती."

आठवड्याचा सातवा दिवसही शिकवण्यात गेला होता, मला उभं राहायचंही त्राण नव्हतं. मी 'छान' म्हणून पर्स उचलली.

पुढच्या महिन्यात स्वाध्याय तपासायला आले. तिने त्याच धड्यावर चार पानं लिहिली होती. बोटीत त्या मुली एकमेकींशी काय बोलल्या असतील. पहिल्या हिवाळ्यात काय खाल्लं असेल. नवरा जंगलात गेल्यावर दाराशी त्या मूळच्या लोकांपैकी कुणी आलं, तर कुठल्या भाषेत बोलल्या असतील. राजाच्या धोरणाबद्दल एक ओळ, पेन्शनचा उल्लेखच नाही. नमुना उत्तरात सहा मुद्दे होते, तिच्या कागदावर त्यातला जेमतेम एक. मी दोनदा वाचलं. खाली अजून साठ स्वाध्याय होते. मी दहापैकी तीन गुण दिले आणि समासात लिहिलं, 'मुद्देसूद लिहा.'

पेपरलाही तिने तसंच काहीतरी लिहिलं असावं. इतिहासात ती नापास झाली.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली, या वेळी एकटीच. मला वाटलं, डोळे चुकवेल. ती सरळ पहिल्या बाकावर बसली. मी विचारलं, "सासूबाई?"

"गुडघे दुखतात त्यांचे. म्हणाल्या, जा तू."

मग तिने वही उघडून दाखवली. सहाच्या सहा मुद्दे, लाल शाईने अधोरेखित. "या वेळी पाठ केले आहेत," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता.

मला तिला सांगायचं होतं, की मागचा कागद चांगला होता, मीच थकले होते. पण वर्ग भरत होता, कुणीतरी पंखा लावायला सांगत होतं. मी खडू घेतला आणि फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं.

ती पास झाली. त्या स्वाध्यायाला मी दिले होते दहापैकी आठ.