सरदार आणि लांब बाह्या

वस्तादीणबाई बाराही महिने लांब बाह्या घालायच्या. उन्हाने रस्त्यावरचं डांबर मऊ व्हायचं, शेजारणी पदराने वारा घेत दारात बसायच्या, आणि ह्या मनगटापर्यंत बटणं लावून कुत्र्यांच्या खोलीत पाणी भरत असायच्या. कुणी विचारलंच तर "ऊन सोसत नाही हो मला," एवढंच सांगायच्या. तयार कपड्यांच्या बाह्या त्यांना नेहमी दोन बोटं आखूड पडत, म्हणून त्या स्वतःच शिवायच्या.

वस्ताद म्हणजे त्यांचा नवरा, धंद्याने न्हावी. पुढच्या खोलीत सलून: दोन खुर्च्या, एक लांबोडका आरसा आणि आरशाशेजारी खिळ्याला लटकवलेली, वस्तऱ्याला धार लावायची चामड्याची वादी. तिच्या एका टोकाला पितळी कडी. मागच्या खोलीत कुत्री. साधीसुधी नव्हेत, कॉकर स्पॅनियल जातीची, सोनेरी रंगाची, कागदावर सात पिढ्यांची वंशावळ असलेली. ज्याला स्वतःच्या आजोबांचं नाव आठवायला डोकं खाजवावं लागतं, तो माणूस कुत्र्याच्या खापरपणजोबाचं नाव झोपेतून उठवलं तरी सांगायचा.

माणसांच्या केसांवर वस्तादांचं पोट चालायचं, कुत्र्यांच्या केसांवर नाव. स्पॅनियलला यंत्र लावलं की केसाची चमक मरते, म्हणून ते पाठीवरचा एकेक मेलेला केस अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून उपटायचे. तासन्‌तास. हात इतका हलका की टेबलावर उभ्या उभ्या कुत्र्याला डुलकी लागायची. तोच हात वादी घेतल्यावर कसा चालतो, हे फक्त घरातल्यांना ठाऊक होतं.

तीस वर्षांचा संसार, आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार. चहा निवला म्हणून, टॉवेल ओला राहिला म्हणून, एखादं गिऱ्हाईक दुसऱ्या सलूनमध्ये दिसलं म्हणून. मारून झालं की तासाभरात वस्ताद विरघळायचे. स्वतः मलम लावायचे, डोक्यावरून हात फिरवायचे, "रागात मला भानच राहत नाही गं," म्हणायचे. ते खरंच होतं. खरं असून त्याचा कुणाला काय उपयोग, ते मात्र कुणी विचारलं नाही.

मग सहा वर्षांपूर्वी सरदार नावाचा स्पॅनियल घरात आला आणि कुत्र्यांच्या शोमध्ये जिंकायला लागला. एकेक कप भिंतीवरच्या फळीवर चढत गेला तसे वस्ताद निवत गेले. वादीने फक्त वस्तऱ्यांना धार लागायला लागली. "कुत्र्याने वस्तादाला माणसात आणलं," असं शेजारचा बेकरीवाला म्हणायचा. बाईंनीही मनाशी एक गोष्ट पक्की केली: सरदार जिंकतोय तोवर घर शांत. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तशी सरदारची सगळी मिजास त्यांनी सोसली.

आणि यंदा वर्षाच्या पहिल्याच महिन्यात सरदार चावला.

भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात, सरदार तर मुळात भुंकायचाच नाही. बाईंनी नेहमीसारखं जेवणाचं भांडं खाली ठेवलं. तो खाता खाता थांबला, अंग ताठ झालं, डोळे काचेच्या गोट्यांसारखे झाले. पुढच्या क्षणी बाईंचं मनगट त्याच्या जबड्यात होतं. गुरगुरणं नाही, इशारा नाही. दात हाडाला लागल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. त्यांनी दुसऱ्या हाताने ठोसे मारले, भिंतीशी रेटलं, तरी सुटेना. मग आपणहून सुटला. डोळे मिचकावले, शेपूट हलवलं, आणि फरशीवर सांडलेलं बाईंचं रक्त चाटायला लागला.

बाईंनी हात नळाखाली धरला, फडकं घट्ट बांधलं आणि बाहीचं बटण लावलं. "सुरी लागली," असं संध्याकाळी सांगितलं. हे वाक्य त्यांच्या तोंडात तीस वर्षं मुरलेलं होतं. पूर्वी नवऱ्याच्या खुणा शेजारणींपासून लपवायला वापरायच्या, आता कुत्र्याच्या खुणा नवऱ्यापासून लपवायला कामी आलं.

कारण चावऱ्या कुत्र्याला शोच्या रिंगणात जागा नसते. परीक्षक त्याला टेबलावर उभं करतो, ओठ उचलून दात बघतो, पोटाखालून हात घालतो. तिथे एकदा चावलं की नाव कायमचं कटतं. सरदार टेबलावर मात्र मेणाचा व्हायचा. त्याचं बिथरणं भांड्यापाशी, आणि भांडं ठेवणं हे बाईंचं काम. वस्ताद त्याला भेटायचे ते फक्त टेबलावर, कौतुकापुरते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत बाई झाकत गेल्या. वसंतात दोन वेळा, उन्हाळ्यात एकदा, पुढे पावसाळ्यात आणखी तीनदा. एकदा तर दंडाचा लचका असा लोंबला की त्यांनी तो स्वतःच दाबून बसवला आणि वर पट्टी गुंडाळली. त्या महिन्यात सरदारने दोन कप आणले.

वर्षाच्या मध्यावर सोनी माजावर आली. सोनी म्हणजे सरदारचीच मुलगी. वस्तादांनी तिला बापाशीच लावायचं ठरवलं.

"अहो, बापलेक आहेत ती," बाई म्हणाल्या.

"रंग पक्का करायचा असेल तर रक्त घरातच फिरवावं लागतं. खाण तशी माती. सरदारचा जो गुण असेल तो दुप्पट उतरेल."

तेव्हा बोलायला हवं होतं. बाईंना ते कळत होतं. तरी त्यांनी सोनीचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं आणि ते होऊ दिलं.

त्रेसष्टाव्या दिवशी, भर दुपारी, मागच्या खोलीतल्या लाकडी पेटीत सोनी व्यायली. पाच पिल्लं. चौथं बाहेर येऊन चाटून झालं, आणि अचानक सोनीचे डोळे तसेच काचेचे झाले. तिने पहिलं पिल्लू तोंडात धरलं. बाईंना वाटलं, जागा बदलतेय. तेवढ्यात कवटी फुटल्याचा बारीक आवाज आला. सोनीने ते दोनदा झटकलं आणि भिंतीवर रक्ताची रेघ उमटली. कात्री हातात तशीच घेऊन वस्ताद सलूनमधून धावत आले. त्यांनी सोनीला लाथ घातली, ती कळवळून पेटीच्या कोपऱ्यात आदळली. मग पाच वर्षांत पहिल्यांदा ते वादी घेऊन आत आले.

"तिच्या पोटात अजून एक आहे!" बाई मध्ये पडल्या. पितळी कडी त्यांच्या कोपराखाली बसली. कातडी फाटली, हात खांद्यापर्यंत बधिर झाला. पाचवं पिल्लू त्या आरडाओरड्यातच जन्माला आलं.

तासाभराने वस्ताद मलम घेऊन आले. बाईंनी हात पुढे केला, चेहरा भिंतीकडे ठेवला. सोनी तेव्हा उरलेल्या चौघांना प्रेमाने चाटत होती.

त्या चौघांतलं सगळ्यात देखणं पिल्लू वस्तादांनी नातीसाठी राखलं. त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी राहायची, तिची मुलगी चार वर्षांची. फोनवर रोज एकच प्रश्न, "आजी, माझं पिल्लू केवढं झालं?" आठ आठवड्यांची झाली की पिल्लं द्यायची, असं ठरलेलं होतं. सातव्या आठवड्यात बाईंनी चौघांना एका ताटलीत खायला घातलं. नातीचं पिल्लू मध्येच थांबलं. ताठ झालं. त्यांनी ताटली ओढायच्या आत त्याने शेजारच्या बहिणीचा कान धरला आणि सगळं अंग झटकत अर्धा तोडून काढला. मग शेपूट हलवत बाईंच्या पायाशी आलं.

त्या पिल्लाकडे बघत त्या फरशीवर बसून राहिल्या. स्वतःच्या हाताचं त्यांना काही वाटलं नव्हतं. आता नातीचे गाल डोळ्यांसमोर आले. सांगायला आठ दिवस होते. वर्षातला सगळ्यात मोठा शोही त्याच आठवड्यात होता, आणि शोच्या आधी बोलायची त्यांची छाती झाली नाही.

सरदार तो शो जिंकला. सगळ्या जातींमधून पहिला आला. फोटोत वस्ताद रडताना दिसतात, बाई मागे फणी धरून उभ्या आहेत, दोन्ही बाह्यांची बटणं लावलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक गाडी घेऊन आली. बेकरीवाला केक घेऊन अभिनंदनाला आला होता. वस्तादांनी पिल्लाच्या गळ्यात लाल फीत बांधली, त्याला सलूनच्या फरशीवर ठेवलं आणि पुढ्यात ताटली ठेवली. नात आनंदाने किंचाळत गुडघ्यांवर बसली. पिल्लू खाता खाता थांबलं. तिने हात पुढे केला.

बाईंनी पोरीचा दंड पकडून तिला अशी ओढली की ती खुर्चीवर आपटली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

"आई! काय करतेस?" लेक ओरडली.

"हे पिल्लू जायचं नाही. कुणाकडेच जायचं नाही. चारही नाहीत."

"वेड लागलं का तुला?" वस्ताद म्हणाले.

बाईंनी उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. बेकरीवाल्याने केकची पेटी खाली ठेवली.

"सरदार चावतो. वर्षभर चावतोय. ह्या बघा, सात खुणा."

"खोटं! माझा सरदार?" वस्तादांचा आवाज चिरकला. "थांब, सगळ्यांसमोर दाखवतो." त्यांनी सरदारला बाहेर आणलं, भांडं भरलं, त्याला खाऊ दिलं आणि उजवा हात भांड्यात घातला.

सरदार ताठ झाला.

त्याने अंगठ्याच्या मुळाशी धरलं. वस्ताद किंचाळले, गुडघ्यावर आले, कुत्र्यासकट आरशावर आदळले. आरसा तडकला. बेकरीवाला स्टुलाने सरदारला मारत होता, लेक पोरीचे डोळे झाकत होती. सुटला तेव्हा वस्तादांच्या अंगठा-तर्जनीमधलं मांस उघडं पडलं होतं, ज्या चिमटीने त्यांनी सगळे कप मिळवले तीच चिमूट. सरदारने डोळे मिचकावले आणि शेपूट हलवलं.

वस्तादांनी डाव्या हाताने वादी उपसली. सगळ्यांना वाटलं, कुत्र्याला मारणार. ते बायकोकडे वळले.

"मला का नाही सांगितलंस?"

पहिला फटका त्याच उघड्या हातावर बसला. दुसऱ्याला बाईंनी वादी हवेतच पकडली. कडी मुठीत रुतली, तरी सोडली नाही.

"म्हणून नाही सांगितलं," त्या म्हणाल्या. "सात खुणा त्याच्या आहेत. बाकीच्या मोजा. त्यालाही नंतर काही आठवत नाही. तो शेपूट हलवतो, तुम्ही मलम लावता."

वस्तादांच्या हातातून वादी गळली. ते खुर्चीत बसले, गिऱ्हाइकासारखे.

"नातीला मी अशा दातांपाशी जाऊ देणार नाही," बाई लेकीकडे वळून म्हणाल्या, आणि आता त्यांना रडू फुटलं. "पण तुला मात्र ह्याच घरात वाढवलं. माफ कर गं."

"मला ठाऊक होतं आई," लेक म्हणाली. "तुझ्या लांब बाह्या बघतच मोठी झाले मी."

दुपारी जनावरांचे डॉक्टर आले. वस्तादांच्या हाताला अकरा टाके पडले होते, ते आत निजून होते. सरदारला बाईंनीच धरलं. कायमचं निजवणारी सुई टोचताना त्याने त्यांचं मनगट चाटलं, तेच, आणि मांडीवर डोकं टाकलं. त्यांना त्याची दया आली, फार आली, तरी त्यांनी हात सैल केला नाही. पिल्लांना आणि सोनीला डॉक्टर आपल्याबरोबर घेऊन गेले. ज्यांना पिल्लं कबूल केली होती त्यांना बाईंनी स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं.

मग त्या पिशवीत दोन कपडे भरून बाहेर आल्या. जाते म्हणून सांगायला आत गेल्या नाहीत. गाडीच्या मागच्या सीटवर नातीने पिल्लासाठी जुना टॉवेल चौघडी करून पसरून ठेवला होता.

"आजी, माझं पिल्लू?"

"नाही गं बाळा. मीच येतेय."

पोरीने थोडा विचार केला, टॉवेल सरळ केला आणि शेजारी सरकली. बाई त्यावर बसल्या. बाही अजून वरच होती, आणि गाडी गल्लीतून, दारात बसलेल्या शेजारणींसमोरून गेली तरी त्यांनी ती खाली ओढली नाही.