सुबेर म्हणजे बूच

बाबांना लकवा मारला तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. उरला एकच शब्द, सुबेर.

मेडशीकडच्या शाळेत त्यांनी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. सुबेर त्यांचा लाडका शब्द. लॅटिनमध्ये सुबेर म्हणजे बूच, आणि ज्या ओकच्या सालीपासून बूच काढतात ते झाडही. त्यावरूनच सुबेरिन. ते सालीत असतं आणि पाणी आरपार जाऊ देत नाही. लॅटिनच्या मागे हा शब्द कुठून आला ते नक्की ठाऊक नाही. कोणी म्हणतात, सुरकुतलेल्या कातडीच्या ग्रीक शब्दावरून. हे सगळं मी त्यांच्याकडूनच शिकले.

म्हणून मला वाटलं, दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळेल. कशाचं काय! 'सुबेर, सुबेर' करत ते डाव्या हाताने पलंग बडवायचे आणि मी एकेक वस्तू आणायची. बूच लावलेली बाटली आणली, ती ढकलली. अंगणातल्या बुचाच्या झाडाची साल हातात दिली, ती भिरकावली. बटाटासुद्धा आणला, त्याच्या सालीत सुबेरिन असतं म्हणून! एवढी शिकले, पण अक्कल कुठं गेली होती कोण जाणे. शेवटी मीच चिडले.

"बाबा, तुमाले काय पाह्यजे ते मले कसं समजावं?"

ते रडायला लागले. मग मीही.

आई माठ भरत होती. तिथूनच म्हणाली, "अवं, पाणी मांगून राह्यले ते. माठाकडं पाह्यतात, दिसत नाई तुले?"

मी ग्लास दाखवला. बाबांनी जोरजोरात होकाराची मान हलवली. इतके दिवस पाणीच मागत होते! पण तेच तर द्यायचं नव्हतं. पातळ काही दिलं की श्वासनळीत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पावडर घालून घट्ट केलेलं पाणी आम्ही चमच्याने भरवायचो. ते लिबलिबीत पाणी बाबा जिभेने बाहेर ढकलायचे.

"एक चमचा दे त्यायले," आई म्हणाली.

"आन् काही झालं तं?"

आईने चमचा माझ्या हातात दिला.

मी ग्लासात माठातलं पाणी घेतलं आणि चमचाभर त्यांच्या तोंडात सोडलं. त्यांनी डोळे मिटले. मग असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. आई पाठ चोळत होती. कितीतरी वेळाने श्वास सुरळीत झाला.

डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच बाबांनी माझ्याकडे पाहून पुन्हा तोंड उघडलं. मी ग्लास पाठीमागे लपवला.