गेनबानं लिहून दिलं

गेनबा गवळ्याच्या घरात व्याकरण कधी शिरलंच नाही. म्हशीला तो 'ये बाय' म्हणे, रेड्याला 'चल माज्या राजा' म्हणे, बायकोला नावानं हाक मारायची वेळ येऊ देत नसे, आणि एकुलत्या एक लेकीला जन्मल्या दिवसापासून 'ह्यो'. ह्यो उठला, ह्यो जेवला, ह्यो रुसला. नाव भिमा, गेनबाच्या आईचं. लाडक्या लेकीशी असं मुलासारखं बोलायची रीत आपल्याकडे घरोघर आहे, पुण्याच्या फ्लॅटातही आहे, आणि त्यात कुणी काही शोधत बसत नाही. पोर मोठं झालं की ती आपोआप सुटते. गेनबाच्या घरात सुटली नाही, कारण भिमाही स्वतःबद्दल तसंच बोलायचं. आई मंगलनं एकदा टोकलं तेव्हा पोर दोन दिवस तिच्याशी बोललं नाही.

"आता मोटी झाली ती. लोक हसत्यात," मंगल म्हणायची.

"हसूंदे की. तेवढंच दात दिसत्याल," गेनबा म्हणायचा आणि दुधाची कासंडी उचलून गोठ्यात जायचा.

शाळेत 'ती', घरात 'तो'. आपण पोर म्हणू, म्हणजे कुणाची अडचण नको.

वस्ती सातआठ घरांची, भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या सोंडेवर. खाली रस्त्याला शाळा. भिमा सहावीत असताना चार दिवस शाळेत गेलं नाही म्हणून खेळाचे इंद्रजित सर चौकशीला वर आले. चहा झाला, सर मोटारसायकलवर बसून निघाले आणि हेल्मेट ओट्यावरच राहिलं. भिमानं ते उचललं आणि करवंदीच्या जाळीतून सरळ खाली उडी घेतली. सर तिसऱ्या वळणावर पोचले तर पोर हेल्मेट घेऊन रस्त्याच्या मधोमध उभं. सरांनी गाडी बंद केली, वर डोंगराकडे पाहिलं, परत पोराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "उद्यापासून अर्धा तास लवकर यायचं."

तिथून सर गेनबाच्या घरचेच झाले. म्हैस व्याली की पहिला चीक सरांचा. खरवस खाताना सर ताट चाटूनपुसून स्वच्छ करत आणि मंगलला म्हणत, "वहिनी, असा भोरात मिळत नाही." त्यांच्या तोंडीही घरचीच भाषा बसली. मैदानावर घड्याळ धरून ते ओरडायचे, "पळ रे भिमा, पळ!" ते ऐकून गेनबाला बरं वाटायचं. आपल्या घरातलं बोलणं शिकल्यासवरल्या माणसानं उचललं, याचा त्याला मानच वाटे. एकदा सरांच्या हातात पोराचा हात देऊन तो म्हणाला होता, "सर, ह्यो तुमच्या पदरात टाकला. तुमी म्हनाल तसं."

गेल्या वर्षी संस्थेनं सरांची बदली भोरच्या शाळेत केली. गेनबाला वाटलं, संपलं. पण सर फोन करायचे. संध्याकाळी मंगलचा मोबाईल घेऊन भिमा गोठ्यामागं जायचं आणि तासतास बोलायचं. घरात चार शब्द बोलायला महाग असलेलं पोर सरांशी एवढं काय बोलतंय, असं मंगल विचारायची. गेनबा म्हणायचा, "पळायचं शास्तर आस्तंय. तुला मला काय कळतंय त्यातलं?"

आणि यंदा तर त्या पळण्यावरच सगळं येऊन ठेपलं होतं. भिमा दहावीत. आठशे मीटरमध्ये तालुक्यातून पुढं एकच जाणार, जिल्ह्याला नंबर आला की पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात जागा, तिथंच अकरावी-बारावी. नाही आला तर वस्तीवरून रोज कॉलेजला जाणं शक्य नव्हतं, आणि वेल्ह्याकडचे मामा स्थळ घेऊन आत्ताच दोनदा येऊन गेले होते. मामा आले की भिमा रानात निघून जायचं, पार अंधार पडल्यावर यायचं. गेनबानं त्याला शब्द दिला होता, "तू पळ. मामाला म्या बघून घेतो."

स्पर्धेच्या दिवशी दोघं पहिल्या एसटीनं भोरला पोचले. गेनबानं सरांसाठी खरवसाचा डबा घेतला होता. मैदानावर ओल होती, तरी फक्कीच्या पांढऱ्या रेघा ताज्या होत्या. सकाळच्या दोन प्राथमिक फेऱ्यांपैकी एकीत भिमा सहज पहिलं आलं. दुसरीत शेफाली नावाची उंच, सडपातळ पोरगी पहिली आली. ती सरांच्या नव्या शाळेची. गेल्या वर्षी भिमाच्या मागं दुसरी आली होती. अंतिम शर्यत तीनला होती. गेनबा झाडाखाली भाकरी सोडतच होता, तेवढ्यात भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं. पालकांनी कार्यालयात यावं. त्याला वाटलं, सत्काराबित्काराचं असेल. त्यानं टोपी झटकून नीट घातली आणि डबा बरोबर घेतला.

कार्यालय म्हणजे सातवीचा वर्ग. टेबलाशी स्पर्धेच्या प्रमुख रत्नामॅडम बसल्या होत्या आणि बाजूच्या बाकावर इंद्रजित सर. सरांना पाहून गेनबाचा चेहरा फुलला. "सर! तुमाला आनलाय," म्हणून त्यानं डबा त्यांच्यापुढं ठेवला. सर डब्याकडे बघत राहिले. मॅडमनी एक टाईप केलेला कागद उचलला.

"हरकत आलीय, बाबा. वाचते, ऐका." आणि त्यांनी वाचलं, "सदर खेळाडू हिला घरी व वस्तीवर मुलगा म्हणून संबोधले जाते. सदर खेळाडूने 'मी आतून मुलगाच आहे' असे माझ्याशी बोलताना अनेकदा सांगितलेले आहे. तरी मुलींच्या गटातील तिच्या सहभागाबाबत खातरजमा व्हावी व इतर मुलींवर अन्याय होऊ नये, ही विनंती."

गेनबाला पहिलं वाक्य कळलं. दुसरं कळायला वेळ लागला.

"आतून म्हंजी?" त्यानं विचारलं. मग त्याला गोठ्यामागचे ते तासतासभराचे फोन आठवले. पोरानं आपल्याला सांगितलं नाही. आपण सोळा वर्षं त्याला 'ह्यो' म्हणत आलो, गंमत म्हणून, लाड म्हणून. आणि पोर ते खरं धरून बसलं होतं. घरात कुणाला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून सरांना सांगितलं. हे सगळं त्याला एका दमात कळलं आणि त्यातलं काय जास्त दुखतंय ते कळेना.

"सही कुनाची हाय?" त्यानं विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं.

"सरांची," मॅडम म्हणाल्या.

"नियमाचा प्रश्न आहे, गेनबा," सर म्हणाले. "मनात धरू नका."

"सर," मॅडमच मध्ये पडल्या, "पोर जन्मानं मुलगी, दाखल्यावर मुलगी, औषधपाणी काही नाही. आतून कुणाला काय वाटतं त्यानं सेकंद कमी होतात का?"

"मग उद्या मुलगा म्हणून फिरायचं आणि आज मुलींचं बक्षीस न्यायचं?" सर उसळून म्हणाले. "एक काय ते ठरवा की. शेफालीसुद्धा पहाटे उठते, मॅडम. तिचे आईवडील मला विचारतात. त्यांना मी काय सांगू?"

हे अगदीच खोटं नव्हतं. शेफाली दारातून दिसत होती, बुटाची नाडी पुन्हापुन्हा सोडून बांधत होती. मघाशी तिनंच भिमाला पाण्याची बाटली दिली होती. गेनबाच्या मनात तिच्याबद्दल काहीच वाकडं नव्हतं. तिच्या बाजूनं कुणी बोलू नये असंही त्याचं म्हणणं नव्हतं. पण ते बोलायला सरांना त्याच्या घरातलं सामान का लागलं?

"तुमाला ठावं हाय त्यो कसा पळतोय ते," गेनबा म्हणाला. "तुमीच पळाया शिकिवलं. त्यो तुमाला आपलं मानूस समजून बोलला, आन् तुमी त्ये कागदावर घेतलं? माज्या चुलीम्होरं बसून तुमी बी 'रे' म्हनायचा न्हवं?"

"मी त्याच्या भल्याचंच..." सर म्हणाले आणि थांबले. "तिच्या. तिच्या भल्याचंच बघतोय."

मॅडमनी ते ऐकलं, पण ऐकलंसं दाखवलं नाही. घड्याळात अडीच वाजत आले होते. त्या बाई वाईट नव्हत्या. उलट त्या खोलीत पोराची बाजू घेणाऱ्या त्या एकट्याच. म्हणाल्या, "हे बघा बाबा. लेखी हरकत आलीय, मला ती फाडून टाकता येत नाही. पुण्याला तपासणीला पाठवायचं तर आठ-दहा दिवस जातील, शर्यत आज तीनला आहे. आणि ती तपासणी या वयात पोरीला नकोच. तुम्ही लिहून द्या. दाखला आहेच, त्याला तुमचा कागद जोडला की मी धावू देते."

"काय लिवायचं?"

"मी सांगते तसं." त्यांनी कोरा कागद पुढं सारला आणि भिमालाही बोलावून घेतलं, कारण खाली खेळाडूची सही लागणार होती.

भिमा येऊन टेबलाशी उभं राहिलं. सरांचा टाईप केलेला कागद तिथंच होता. तो पोरानं वाचला, सगळा, सावकाश. मग सरांकडे पाहिलं. सर मोबाईल काढून त्यात काहीतरी शोधू लागले. पोर नुसतं गेनबाच्या बाजूला सरकून त्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहिलं. आता आबा काय ते बोलतील, अशी त्याची खात्री होती.

गेनबा चौथीपर्यंत शिकलेला. पेन त्याच्या हातात कधीमधी यायचं. मॅडम सांगत गेल्या आणि तो एकेक अक्षर कोरत गेला. माझी मुलगी भिमा ही मुलगीच आहे. तिला आम्ही घरी मुलगा म्हणत होतो ते लाडानं...

"नुसतं लाडानं नको," मॅडम म्हणाल्या. "त्यावर परत कुणीतरी बोट ठेवील. चुकीनं लिहा. 'ते चुकीनं म्हणत होतो. यापुढे म्हणणार नाही.' म्हणजे विषयच मिटला."

गेनबाचं पेन थांबलं. त्यानं बाहेर पाहिलं. मुली सुरुवातीच्या रेघेकडे निघाल्या होत्या. त्याच्या डोळ्यांपुढं वेल्ह्याचे मामा आले, स्थळ आलं, अंधारात रानातून परत येणारं पोर आलं. एवढा एक शब्द लिहिला की पोर सुटतंय. बाकीचं घरी गेल्यावर बोलू, समजावून सांगू. बापाला काय वाटतं ते पोराला कळत नाही होय? असं स्वतःला सांगून त्यानं पेन टेकवलं, आणि अडला.

"चुकीनं मधला चु," त्यानं मान वर न करता विचारलं, "पैला उकार का दुसरा?"

"पहिला, आबा," भिमा म्हणालं.

गेनबानं लिहिलं. सही केली. भिमानं त्याखाली सही केली, पेनचं टोपण लावून ते जागेवर ठेवलं, आणि खांदा काढून घेऊन बाहेर गेलं. सरांनी डबा हळूच टेबलाच्या कडेला सारला. गेनबानं तो उचलला नाही. त्या माणसाला शिव्या द्याव्यात इतका संताप त्याच्या अंगात होता, पण शिव्या द्यायला आपलं तोंड आता स्वच्छ राहिलेलं नाही, हेही त्याला तिथंच कळून चुकलं.

तीनला शिट्टी झाली. गेनबा फक्कीच्या रेघेला लागून उभा होता. पहिल्या फेरीत भिमा शेफालीच्या मागं राहिलं. समोरून गेलं तेव्हा गेनबाच्या तोंडात सवयीनं 'पळ रं' आलं आणि तिथंच अडलं. आत्ताच लिहून दिलं होतं. मॅडम बघत होत्या, सर बघत होते, कुणी मोबाईलवर घेतही असेल. आणि 'पळ गं' म्हणावं तर जीभ वळेना. दुसऱ्या फेरीत पोरानं वेग घेतला, शेफालीला वळणावर मागं टाकलं, आणि सगळ्या मैदानावर आरडाओरडा चालू असताना भिमाचा बाप तेवढा गप्प होता. एरवी त्याचा आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. शेवटच्या वळणावर भिमानं एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं नाही.

भिमा पहिलं आलं. बरंच पुढं, कुणाला शंका नको इतकं पुढं. शेफाली दुसरी आली आणि गवतात बसून रडायला लागली. इंद्रजित सर तिच्याजवळ गुडघ्यावर बसून काहीतरी सांगत होते. भिमा आधी तिच्याकडे गेलं, तिच्या डोक्याला हात लावला आणि सरांकडे न बघता उठलं.

गेनबाला वाटलं, आता पोर धावत येईल. ते चालत आलं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या, दोनचार शिक्षकही होते. सगळ्यांना नीट ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात, पुस्तकातल्यासारखं, पोर म्हणालं, "आबा, मी पहिली आले."

"बघा, किती छान," मॅडम म्हणाल्या.

गेनबाला शाब्बास म्हणायचं होतं. पण शाब्बासच्या पुढं 'रे' लावायचं की 'गं', ते त्याला ठरवता येईना, आणि भिमा ते ऐकायला थांबलंही नाही.